पोचूची बिडी

"डावीकडे पाहा सगळ्यायनं. नाई जी, मोबाइलातून नाई. डोळ्यानं. मोबाइलचं अन जंगलाचं काय नातं?"

लोक हसायचे. इथे हसतात हे साधनाला माहीत असायचं. कँटर म्हणजे जंगलात फिरवायची उघडी बस. ती दऱ्याच्या काठाशी थांबली की साधना ड्रायव्हरमागच्या दांडीला पाठ लावायची आणि प्रवाशांकडे तोंड करून उभी राहायची. खाकी शर्ट, छातीवर नावाची पट्टी, गळ्यात दुर्बीण. तिच्या पाठीमागे उमरदरा. वैनगंगेच्या अलीकडे जंगल सपाट चालत येतं आणि एका ठिकाणी पायाखालून निघूनच जातं, तो हा दरा. तळाला उमरी नदी, दोन्हीकडे तांबूस खडकाच्या उभ्या भिंती. या एका दऱ्यापायी आजूबाजूचं सगळं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं होतं.

"थो काळा पट्टा दिसते? बांबू जळालेला? आयका मंग." आवाज खाली यायचा. "मार्च महिना. पाला असा वाळलेला, का उंदीर चालला तरी वाघ आल्यावानी वाटते. अन कोण्या तरी मानसाले तलफ येते. थो इथी बसते. या दगडावर. खिशातून काढते बिडी."

ती खरोखर खिशात हात घालायची. नसलेली बिडी ओठात धरायची, नसलेली काडी ओढायची, तळहाताच्या आडोशाने पेटवायची. एक झुरका. डोळे मिटून दुसरा. मग दोन बोटांनी टिचकी. सगळ्यांच्या माना त्या नसलेल्या बिडीमागे दऱ्यात वळायच्या.

"एक बिडी." थांबायची. "अन थो पांढरा डाग पाहा, समोरच्या कपारीवर. गिधाडाचं घरटं होतं तिथी. पिल्लू होतं त्यात. पंख फुटले होते, उडता येत नव्हतं."

कोणीतरी "अरेरे" म्हणायचं. आणि मग टाळ्या.

त्या गोष्टीतलं गिधाडाचं पिल्लू खरं होतं. बाकी सगळं खोटं. त्या दगडावर कोणी बसलं नव्हतं आणि बिडी कोणी ओढली नव्हती. उमरदऱ्याला आग लागली होती ती साधनाच्या हातून.

*

साधना गुरनुले, उमरटोल्याची. उमरटोला म्हणजे उद्यानाच्या गेटाला लागून असलेलं गाव. धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे, बायनाबाईकडे, परत आली तेव्हा गावाने महिनाभर तोंडाचा पट्टा चालवला. मग तिने गाइडचं प्रशिक्षण घेतलं आणि खाकी शर्ट घालून गावातून चालत गेली. त्या दिवशी पट्टा बंद पडला. गावातली शर्टपँट घातलेली ती पहिली बाई. बायनाबाई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी वाघाले हुकूम करते." वाघ काही ऐकत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बायनाबाईचं एक मोहाचं झाड होतं. झाडं इथे घरासारखी वाटलेली असतात. हे गुरनुल्यांचं, ते पोचूचं, पलीकडचं गिरजाबाईचं. उद्यानाची हद्द आखली तेव्हा बायनाबाईचं झाड हद्दीच्या आत गेलं, दऱ्याच्या अगदी काठाशी. आत जाऊन फुलं वेचायला मनाई. पण म्हाताऱ्या बायांकडे रखवालदार पाठ करून उभे राहायचे.

मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाल्याचा थर असला तर त्यात हरवतात. म्हणून फुलं लागण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे काळ्या साफ जमिनीवर पिवळी फुलं भातासारखी पसरलेली दिसतात. आजीने तेच केलं, आईने तेच केलं. त्याचीही रीत असते. पाल्याची कड आधी झाडून घ्यायची, हातात पळसाची हिरवी फांदी ठेवायची, ज्योत बाहेर निघाली की झोडपायची. आणि शेवटी, उठण्याआधी, राखेवर तळहात ठेवायचा. लहानपणी बायनाबाई तिचा हात धरून राखेवर दाबायची आणि म्हणायची, "डोळ्याले इचारू नोको वं. डोळा म्हणते इझली. हाताले इचार."

त्या वर्षी बायनाबाईचे गुडघे गेले होते आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तरी मार्च लागला तशी ती दारात बसून जंगलाकडे पाहत राहायची.

"माय, आता तिथी आग लावता येत नाई," साधना म्हणाली. "मीच लोकायले सांगतो ना, आग नोका लावू. मले शिकवलं हाय तसं."

"मंग तुह्या शिकवणाऱ्याले सांग, पाल्यातून फुलं वेचून दे म्हणा माह्या मायले."

शेवटी साधनाच गेली. एका सकाळी, आईला हाताला धरून. कड झाडली, फांदी घेतली, लहानसं वर्तुळ पेटवलं. सगळं रीतीने चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नदीमचा. नदीम म्हणजे कँटरचा ड्रायव्हर, चंद्रपूरचा.

"बाई, कुठी हाव तुमी? पूरी गाडी भरून राह्यली. पाव्हणे बोंबलून राह्यले, साहेब मेरे कू देख राह्यले."

"आली, आली."

एका जुन्या खोडाच्या बुडातून धूर निघत होता. साधनाने त्यावर पायाने माती लोटली.

"इझली काय, माय?"

बायनाबाईने मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पाहिलं. "इझली. जा तू. मी येतो मांगून, हळूहळू."

साधना निघाली. राखेवर हात ठेवला नाही.

दुपारच्या फेरीत, ऊन उतरायला लागलं तेव्हा, पुढच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "ताई, तो धूर आहे का?"

साधनाने पाहिलं. काठावरून, तिच्या झाडाच्या बाजूने, करडा लोट दऱ्यात उतरत होता.

"नाई जी," ती म्हणाली. "ऊन तापलं का दरा वाफ सोडते."

ते तोंडातून कसं आलं ते तिला आजही सांगता येत नाही. पुढच्या वळणावर चितळांचा कळप गाडीच्या दिशेने पळत आला, गाडीची पर्वा न करता. नदीमने ब्रेक दाबला आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, ये भाप नहीं है."

मग बांबू फुटायला लागले. पेटलेला बांबू बंदुकीसारखा फुटतो. सगळा उमरटोला हिरव्या फांद्या घेऊन धावला. साधना सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या भुवया जळाल्या, शर्टाची बाही जळाली, तरी ती मागे हटेना. पोचूने तिला दंडाला धरून ओढून काढलं. "मरता काय, बाई? जंगल मांगून उगवते, तुमी उगवान काय?"

हा पोचू उन्हाळ्यापुरता लावलेला अग्निरक्षक. दऱ्याच्या काठावरच्या खोपड्यात, म्हणजे गवताच्या झोपडीत, बसायचं, धूर दिसला की कळवायचं, एवढं काम. आग लागली तेव्हा तो खोपड्यात नव्हता.

"कुठी होतास?" वनखात्याच्या साहेबांनी चौकशीत विचारलं. सगळे गाइड, ड्रायव्हर रांगेत उभे होते.

"पाण्यावर गेल्तो, साहेब. नदीवर."

"किती वेळ?"

पोचूने टोपी हातात घेतली. जांभळाखाली गार होतं, डोळा लागला, हे तो सांगू शकत नव्हता आणि खोटं त्याला सुचत नव्हतं. आग कशाने लागली ते समजलं नाही. राखेत काय समजणार? पण खोपडं रिकामं होतं एवढं नक्की होतं. पोचूचं काम गेलं.

साधना रांगेत दुसरीच उभी होती. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे. तिने ठरवलं, उद्या सांगू. पोचूभाऊला आधी घरी जाऊन सांगू, मग साहेबांना. उद्या.

उद्या तिचा सत्कार झाला. जिवावर उदार होऊन आग विझवल्याबद्दल शाल आणि नारळ. फोटोत तिच्या भुवया नाहीत. लोकांना त्यातही शौर्य दिसलं.

शाल बायनाबाई पांघरते. हिवाळ्यात.

*

गोष्ट जन्मली ती हिवाळ्यात.

हिवाळ्यात उमरदरा सकाळी दिसतच नाही. काठापर्यंत धुकं भरलेलं असतं, दुधाने भरलेल्या पातेल्यासारखं, आणि ऊन चढलं की ते हळूहळू खाली बसत जातं. आधी समोरची कपार निघते, मग बांबू, मग नदी. पाहुणे श्वास धरून बसतात. त्या वर्षी धुकं बसलं तसा आतून काळा पट्टा वर आला.

"यह क्या हुआ यहाँ?" नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं.

"वणवा लागल्ता, साहेब."

"कैसे लगा?"

साधना थांबली. नदीम पुढे बसला होता. त्याचे कान मागे होते.

"कोणीतरी बिडी फेकली," ती म्हणाली.

झालं. एवढंच. पण गृहस्थांनी "च्‌ च्‌, लोग भी ना," असं म्हटलं आणि तिच्या छातीवरचं ओझं क्षणभर त्या 'लोकांवर' जाऊन बसलं. त्याची चव लागली. दुसऱ्या फेरीला तिने बिडी ओढणारा माणूस दगडावर बसवला. तिसरीला त्याला तलफ दिली. हळूहळू काडी आली, झुरका आला, टिचकी आली. जितकी बिडी खरी होत गेली तितकं मोहाखालचं पेटलेलं वर्तुळ धूसर व्हायला लागलं. कधीकधी रात्री तिला तो माणूस दिसायचासुद्धा. पाठमोरा. बरं वाटायचं. आणि पहाटे जाग आली की तळहाताला काहीतरी न केल्याची जाणीव व्हायची.

एकदा कोणी पाहुण्याने गोष्टीचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. नदीम तर मूल गावातल्या पानठेल्यावर स्वतःच ती करून दाखवायचा, टिचकीसकट. पानठेल्यावरून ती बाजारात गेली. बाजारातून, धानाच्या पोत्यांबरोबर, उमरटोल्यात परत आली. येताना तिला एक गोष्ट चिकटून आली. बिडीवाल्या माणसाचं नाव.

साधनाने ते नाव कधी घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. त्या जंगलात त्या दिवशी हक्काने बसलेला, बिडी ओढणारा माणूस एकच होता.

पोचू तोवर मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. गावातले बरेच जण जातात, आणि त्यांच्याबरोबर ती गोष्टही तिकडे गेली. ट्रॅक्टर, मग रेल्वे, मग शेतातल्या पालात मुक्काम. आग लागली नसती तर तो त्या वर्षी गेला नसता.

उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा पानवठ्यावर साधनाची गाठ पडली. त्याचे हात लाल, फुगलेले. मिरचीची आग हातांतून कित्येक आठवडे जात नाही. पाण्यात हात बुडवून बसला होता.

"कसे हाव, पोचूभाऊ?"

"हाय जी. तुमी?"

"हाय."

एवढंच. पाण्यात त्याचे हात लाल माशांसारखे हलत होते. साधना तोंड धुऊन निघाली.

आग लागली त्याच उन्हाळ्यात बायनाबाईने विचारलं होतं, "आपलं झाड कसं हाय वं? लागली काय फुलं?"

"लागली."

खूप लागली होती. आगीने मोहाचं काही बिघडत नाही. कँटरमधून जाताना साधनाला दिसायचं, झाडाखाली फुलांचा सडा, आणि जमीन सगळी काळी, साफ, जशी आईला हवी असायची तशी.

*

पावसाळ्यात उद्यान बंद असतं. गेटाला साखळी. गाइड, ड्रायव्हर, सगळे आपापल्या बांधात. साधनाचा खाकी शर्ट खुंटीवर आणि ती चिखलात, धानाच्या रोवणीला. मला तिने हे सगळं सांगितलं तेही पुढे एका रोवणीच्या बांधावर, पाय पाण्यात सोडून. गावातून दरा दिसत नाही. फक्त त्याचा आवाज येतो. उमरी भरली की रात्रंदिवस घुमत राहते. "पावसात मले बरं वाटे," ती म्हणाली. "दिसे नाई ना."

त्या जुलैत गिरजाबाईच्या बांधात रोवणी होती. बाया ओळीत वाकलेल्या, हातात धानाच्या पेंढ्या. साधनाच्या शेजारी कमळा, पोचूची बायको. कमळा म्हणजे बोलता बोलता दोन ओळी पुढे जाणारी बाई.

"साधनाबाई, वाघाले हुकूम करता म्हणे. आमच्या या चिखलालेही करा ना जी एखादा."

बाया हसल्या.

"अन तुमच्या मालकाले कोण करते हुकूम?" गिरजाबाईने टोला मारला.

"त्याले काय करायचा? आता आमचा मालक साधू झाला. बिडी सोडली त्यानं."

"खोटी! पोचू अन बिडी सोडन? अवं, बारशाच्या दिवशी पाळण्यात बिडी होती त्याच्या!"

पुन्हा हसू. कमळाही हसली. मग हसता हसता हात थांबला, आणि तिने फक्त साधनाला ऐकू जाईल असं म्हटलं, "सोडली नाई, बाई. शिक्षा करून राह्यला सोताले. म्हणते, माह्याच बिडीनं दरा जळला."

साधनाच्या हातातली पेंढी पाण्यात पडली.

"थ्या दिवशी ओढली होती म्हणे. खोपड्यातून खाली जाता जाता. इझवली का नाई, आठवत नाई म्हणते. पयले तं काही बोले नाई. मंग गावात आली ना थे गोष्ट, का बिडीनं लागली म्हणून. तवापासून असं." कमळाने पेंढी उचलून तिच्या हातात दिली. "गिधाडाचं पिल्लू होतं म्हणे. थ्याचंच बोलते. झोपेत."

"असं... असं नसन, कमळा. कोणाची तरी दुसऱ्याची—"

"मी तेच म्हणतो. म्हणते, बाई खोटं सांगन काय? शिकलेली हाय, खाकी घालते, गिधाडाइतकं उंचावरून पाहिलं तिनं. तिले माहीत असन म्हणूनच सांगते."

ओळ पुढे सरकली. साधना सरकली नाही. मागून कोणी तरी ओरडलं, "साधनाबाई, झोप लागली काय?"

तेव्हा बोलायचं होतं. कमळा एक हात अंतरावर होती. पण कमळाला सांगितलं तर पोचूला कळणार, पोचूला कळलं तर गावाला, मग साहेबांना. मग खाकी शर्ट, मग आई. हद्दीच्या आत आग लावणारी म्हातारी आणि तिची गाइड पोरगी. म्हाताऱ्या बायांकडे पाठ करणारे रखवालदार मग तोंड करून उभे राहतील आणि गावातल्या कोणाच्याच झाडाखाली कोणाला जाता येणार नाही. साधनाने हे सगळं मोजलं आणि वाकून रोवायला लागली. पुढे बांधावर तिने मला सांगितलं, खरं कारण यातलं एकही नव्हतं. "मले गोष्ट सोडवेना," ती म्हणाली. "टाळ्या वाजेत ना."

*

ऑक्टोबरात गेट उघडलं. पावसानंतरचा दरा पाहिला नाही त्याने उमरदरा पाहिलाच नाही. भिंतीभिंतीवरून पाणी ठिबकतं, दगडांवर शेवाळ, आणि जळालेल्या जागी नवा बांबू माणसाच्या दुप्पट उंच. काळा पट्टा शोधावा लागतो. पांढरा डाग मात्र पावसाने फक्त फिकट केला होता. कपार रिकामीच होती.

त्या आठवड्यात गावकऱ्यांना कँटरच्या मागच्या सीटवर फुकट बसता यायचं. नेहमी पोरंसोरं येत. त्या सकाळी साधना गाडीत चढली आणि मागच्या कोपऱ्यात पांढरी टोपी दिसली. पोचू. धुतलेला सदरा, हात मांडीवर.

"कसे काय, पोचूभाऊ?" नदीम ओरडला. "आज व्हीआयपी!"

"पाहून घेतो म्हटलं एक डाव," पोचू म्हणाला. "बाईची गोष्टही आयकतो. सारा गाव सांगते, मीच आयकली नाई."

साधनाने त्या फेरीत एवढं बोलून घेतलं जेवढं ती आठवड्यात बोलत नाही. मोर, सुतार पक्षी, ऐनाचं झाड, बिबा, अस्वलाची नखं. काठाशी आली तेव्हा म्हणाली, "नदीमभाऊ, आज इथी थांबू नोका. उशीर झाला."

"काऊन बाई?" नदीमने थांबवलीच. "इथीच तं असली माल हाय."

"हो हो, बिडीवाली गोष्ट!" पुढच्या सीटवरची पुण्याची बाई उत्साहाने म्हणाली. "आम्ही व्हिडिओ बघूनच आलोय. करा ना."

"आज घसा..."

"करा ना जी," मागून पोचू म्हणाला. अगदी हळू.

तिने दांडीला पाठ लावली. "मार्च महिना," ती म्हणाली. पुढचं आलं नाही. खिशात हात गेला तो बाहेर येईना. लोक वाट पाहत होते. त्यांना वाटलं, ही अशीच थांबते.

पोचू उठला. चालत्या गाडीत उठायचं नसतं, पण गाडी थांबलेली होती. त्याने टोपी काढली.

"बाईले लाज वाटून राह्यली माही," तो पाहुण्यांना म्हणाला. "माह्यासमोर कशी सांगन? थो मानूस मीच होय जी. बिडी माहीच."

मग पुण्याच्या बाईने वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही? अहो, एका बिडीसाठी एवढं जंगल? त्या पिल्लाचा तरी विचार करायचा!"

"हाव बाई," पोचू म्हणाला. त्याने हात जोडले. आधी तिला, मग दऱ्याकडे वळून, समोरच्या पांढऱ्या डागाला. "रोज करतो."

"भाऊ, बसा खाली," साधना म्हणाली.

"बोलू द्या, बाई. मले—"

"बसा म्हणतो ना! बिडी नव्हती."

नदीम सीटवरून पूर्ण वळला.

"बिडी नव्हतीच, पोचूभाऊ. मी बनवली. गोष्टीसाठी बनवली." तिचा नेहमीचा आवाज नव्हता, हातही खिशातच अडकलेला. "थे झाड पाहा. काठावरचं. मोहाचं. माह्या मायचं हाय. त्याच्याखाली मी पाला जाळला. मी. नदीमभाऊचा फोन आला अन मी निघाली. राखेले हात नाई लावला. तिथून लागली आग. तुमी पाण्यावर गेले तवा थे लागूनच होती."

या गोष्टीला टाळ्या नव्हत्या. पुण्याच्या बाईने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने दुर्बिणीच्या पट्ट्याकडे.

पोचू बसला. टोपी मांडीवर ठेवत त्याने विचारलं, "अन माही बिडी? मी ओढली होती थे?"

"थे इझली असन, भाऊ. नाई तं तुमच्या खोपड्याकडून लागली असती. तुमचं खोपडं तं जळलंच नाई."

ते खरं होतं. खोपडं अजून उभं होतं, काठावर, सगळ्यांना दिसत होतं. दीड वर्षात पोचूला ते दिसलं नव्हतं.

"चलतो मी," नदीम पुटपुटला आणि गाडी सुरू केली.

*

परतीच्या वाटेवर वाघीण दिसली. रस्त्यात, ऐन मधोमध, चाळीस पावलं गाडीपुढे चालत होती. पाहुण्यांनी फोटो काढले. साधनाला नेहमीप्रमाणे "हळू बोला जी" म्हणायचं होतं, पण सगळे आधीच गप्प होते.

गेटाबाहेर पाहुणे उतरले. पोचू सगळ्यांत शेवटी उतरला आणि चहाच्या टपरीपाशी, हद्दीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

"नदीम. बिडी हाय काय?"

"भाऊ, तुमने तो छोड दी थी ना?"

"सोडली नव्हती गा. शिक्षा होती थे."

नदीमने बंडल पुढे केलं. पोचूने एक निवडली, कानाशी धरून बोटात फिरवली, पेटवली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचं की कशाचं हे कोणी विचारलं नाही. साधना दोन हात अंतरावर उभी होती. त्याने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"मिरचीच्या वावरात," तो धुराकडे पाहत म्हणाला, "हात असे जळेत. मी म्हणो, जळू दे. बराबर हाय. पोचू, तुह्या हाताले बराबर शिक्षा हाय." झुरका. "तुमी पाण्यावर भेटल्या होत्या मले. तवा."

"हाव."

"कसे हाव म्हणून इचारलं होतं तुमी."

पोचूने राख झटकली.

"कमळाले काय सांगू? हसन थे पयले. मंग शिव्या देईन. तुमाले नाई, मले. येडा म्हणन."

"भाऊ, मी साहेबाकडे चालली. आताच. तुमी येता काय संगं?"

"मी काहाले येऊ?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "मी एक डाव उभा राह्यलो ना थ्या रांगेत. तुमी बाजूलेच होत्या. आता तुमचं तुमी जा."

बिडी संपत आली होती. पोचूने ती फेकली नाही. दगडावर चुरडली, वरून चहाच्या ग्लासातलं पाणी ओतलं, माती टाकली. मग त्या ओल्या मातीवर, बोटं पसरून, आपला तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला. पानवठ्यावर होता तसा लाल नव्हता तो हात आता. नुसता राठ.

"असं पाहतेत, बाई," तो म्हणाला. "तुमच्या मायनंच शिकवलं होतं मले. लहान होतो तवा."

साधनाने छातीवरची नावाची पट्टी काढली आणि मुठीत धरली. पिन बोटाला टोचली तशी मूठ आणखी आवळली. साहेबांच्या कार्यालयाचं दार उघडं होतं. नदीमने पुढच्या फेरीसाठी हॉर्न दिला, सवयीने, आणि मग मध्येच थांबवला.